कागदावरच्या दोन बायका

माझी मुलगी अमेरिकेत गेली ती हौसेने नाही. तिथल्या एका गावाला नर्स मिळत नव्हती म्हणून गेली. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे त्याच देशात तिला असे प्रश्न विचारले गेले, की जणू ती कुणाच्या तरी घरात मागच्या दाराने शिरली होती.

ऐंशीनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. गाव पार उत्तरेला, लाकडाच्या गिरण्यांचं, निम्मं वर्ष बर्फात गाडलेलं. तिथल्या पोरी नर्सिंग पास झाल्या की मोठ्या शहराला जात आणि परत फिरकत नसत. हॉस्पिटलने एक अख्खा वॉर्ड कुलूप लावून ठेवला होता. खाटा होत्या, गाद्या होत्या, धुतलेल्या चादरी होत्या, फक्त नर्सा नव्हत्या. कुणाचं दुखणं वाढलं की त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालून बर्फातून लांबच्या शहरात न्यायचं, तो पोचला तर पोचला. शेवटी त्यांनी मुंबईतला एक एजंट धरला आणि एजंटाने आमच्याकडच्या पेपरात जाहिरात दिली. माझी मुलगी तेव्हा सांगलीकडे एका हॉस्पिटलात नोकरी करत होती. तिने त्यांची परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली.

ती पास झाली आणि आमच्या दाराशी स्थळांची रीघ लागली. त्याआधी कुत्रं फिरकत नव्हतं. नर्स म्हणजे परक्या पुरुषांची अंगं पुसणारी, अशी सून कुणाला हवी? ज्यांनी "आमच्यात नोकरी चालते, पण ही असली नाही" म्हणून पत्रिका परत केली होती, तेच आता पेढे घेऊन आले. मी विचारलं, "आता चालते का?" तर ते गृहस्थ म्हणाले, "अहो, अमेरिकेत त्याला प्रोफेशन म्हणतात." तेच आमचे व्याही झाले. त्यांचा मुलगा बँकेत कारकून होता. मुलगा वाईट नव्हता. मुलीला पसंत होता, मग मी तोंड मिटलं.

लग्न घाईत झालं. ताटात तांदूळ पसरले, जावयांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, त्यांच्या बहिणीने ते मोठ्याने वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या एका ताटात माझ्या मुलीचं सगळं गेलं. पाळण्यातलं नाव गेलं, त्यापुढचं बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. आमच्यात याचं कुणाला काही वाटत नसे. माझंही नाव असंच बदललं. माहेरच्या नावाने मला हाक मारणारं आता कुणी जिवंत नाही, आणि त्याचं मला फार वाटतं असंही नाही. पण माझ्या नावाने कुठे परीक्षा पास झालेली नव्हती. तिच्या झाली होती.

सर्टिफिकिटं माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. एजंटाने स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की ही ती हीच, आणि मला म्हणाला, "चालतंय हो मावशी, सगळ्यांचं असंच असतं." मुंबईत चाललंही. व्हिसा मिळाला. तिच्या व्हिसाच्या मागे नवऱ्याला व्हिसा मिळाला, फक्त तिथे त्याला नोकरी करायची मनाई.

मी गेले ती तिच्या बाळंतपणाला. मुलगी झाली. बाळ दीड महिन्याचं होतं तेव्हाच हिला कामावर बोलावलं, कारण वॉर्डात माणूस नाही. मी म्हटलं, "अगं, सव्वा महिना तर आत्ताच संपला." ती म्हणाली, "आई, त्यांना सव्वा महिना कळत नाही. त्यांना ड्यूटी कळते." बाळाला मी बघायची. जावई घरात असायचे. दारातला बर्फ फावड्याने बाजूला करायचे, मग टीव्ही लावून बसायचे, मग पुन्हा बर्फ. बँकेत टाय लावून बसलेला माणूस तो. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे, आणि सारखं बघावंही लागे.

एका दुपारी हॉस्पिटलची मेट्रन घरी आली. उंच, हाडकुळी बाई, बूट दारात काढून आली म्हणून मला बरी वाटली. तिच्या हातात पाय होता, म्हणजे त्यांचा तो सफरचंद घालून भाजलेला गोड प्रकार. गोड घेऊन कुणी दुपारचं अचानक आलं की समजावं, वाईट बातमी आहे. ती बोलत होती, माझी मुलगी ऐकत होती आणि मधूनमधून मला मराठीत सांगत होती.

झालं होतं असं. मुलगी इतके दिवस तात्पुरत्या परवान्यावर काम करत होती. राज्याची परीक्षा दिली की पक्कं लायसन्स मिळायचं. त्या परीक्षेला तिने कागद पाठवले आणि ते लायसन्सच्या ऑफिसने परत केले. म्हणे, नर्सिंग पास झालेली बाई वेगळी आणि अर्ज करणारी बाई वेगळी. पहिलीचे कागद घेऊन दुसरी आली आहे. एजंटाचा स्टॅम्प पेपर त्यांनी धरलाच नाही.

मी म्हटलं, "त्यांना सांग की, लग्न झालं म्हणून नाव बदललं. यांच्या बायका नाही का बदलत?"

मुलीने सांगितलं. मेट्रन म्हणाली, "आमच्यात आडनाव बदलतं. ते त्यांना समजतं. पण हिचं स्वतःचं नाव का बदललं? आणि मधलंही? तिन्हींपैकी एक तरी शब्द सारखा असता तर मी भांडले असते."

आमच्यात करतात, एवढंच मी सांगू शकले.

तात्पुरता परवाना वसंतात संपणार होता. लायसन्स नाही तर नर्स नाही, आणि नर्स नाही तर व्हिसा नाही. बाळाला घेऊन परत जायचं. परत म्हणजे कुठे? तिची नोकरी गेलेली, जावयांनी बँक सोडलेली.

तोवर हॉस्पिटलने काय केलं, तर तिला आया केलं. लायसन्सच्या ऑफिसकडून तंबीच आली होती, की कागदांचा उलगडा होईपर्यंत हिला नर्सचं काम देऊ नका. पांढरा गणवेश काढून घेतला, आयांचा निळा दिला. भांडी द्यायची, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं. कामाला मी कमी लेखत नाही, मीही आयुष्यभर हेच केलं, पगाराशिवाय केलं. पण गावात वॉर्डाला कुलूप आहे, कारण नर्स नाही, आणि नर्स त्याच कुलपासमोरून लघवीची भांडी घेऊन जाते! यांना माणूस हवं होतं म्हणून यांनी समुद्रापलीकडून आणलं. आणल्यावर म्हणतात, हे तेच माणूस कशावरून? अरे, मग चाचणी घ्या ना. सुई तिच्या हातात द्या आणि बघा. पण नाही. हात बघायचे नाहीत, कागद बघायचा.

नोव्हायला एक काकू होत्या. डेट्रॉइटजवळच्या त्या गावात बरीच आपली माणसं. काकूंचे यजमान डॉक्टर, मोठं घर, गणपतीला शंभर माणूस जेवायचं. मुलीने त्यांना फोन केला. मी दुसऱ्या फोनवरून ऐकत होते.

काकू म्हणाल्या, "तू सासऱ्यांना सांग ना, मॅरेज सर्टिफिकेट पाठवतील. सिंपल आहे."

"काकू, लग्न रजिस्टर नाही केलेलं. आता करायचं तर आम्हा दोघांना तिकडे जायला लागेल. गेलो तर लायसन्सशिवाय परत येता येणार नाही."

"मग कोर्टातून नाव चेंज करून घेतात काही लोक. पण मी तुला सजेस्ट नाही करणार. लोकांना डिव्होर्स वाटतो गं. आणि खरं सांगू का, हे नर्सिंगच्या व्हिसावर येणाऱ्यांचं असंच असतं. काहीतरी अर्धवट असतंच."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमचे साहेब कसे आले हो?"

"कोण? अय्या मावशी, तुम्ही लाइनवर आहात का? हे ना, हे डॉक्टर म्हणून आले."

"म्हणजे इथे डॉक्टर कमी होते म्हणूनच ना? का तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं होतं?"

काकूंनी गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन ठेवला. मुलगी माझ्यावर चिडली. पुढे त्या वर्षी आम्हाला गणपतीचं आमंत्रण आलं नाही.

मग व्याह्यांना फोन लावला. पहिल्यांदा त्यांना वाटलं नातीचा आवाज ऐकवायला केलाय. जावयांनी सांगितलं, "बाबा, एक ॲफिडेव्हिट हवंय. लग्नात आपण नाव बदललं, असं तुम्ही आणि भटजींनी लिहून द्यायचं. तहसीलदाराच्या सहीने."

व्याही म्हणाले, "आम्ही घरातल्या सुनेला नाव दिलं, त्याचा तहसीलदाराकडे पंचनामा करायचा? आणि रजिस्टर नाही म्हणजे काय? आमचं काय पळून जाऊन लग्न झालं होतं? चारशे पान उठलं. त्या चारशे लोकांना विचार म्हणावं."

पुढेही त्यांनी पाठवतो पाठवतो म्हटलं आणि पाठवलं नाही. गावभर सून अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर आहे असं सांगून झालं होतं. आता तहसीलदारासमोर उभं राहून तिच्या कागदात खोट आहे हे कोण सांगणार? पोरीची नोकरी गेली तरी चालेल, यांची मान खाली जाता कामा नये.

मी मुलीला म्हटलं, "मला घेऊन चल त्या ऑफिसात. मी सांगते. आईपेक्षा मोठा साक्षीदार कोण?"

ऑफिस राज्याच्या राजधानीत होतं, लांब. मुलीने सुट्टी घेतली, मेट्रनने एक चिठ्ठी दिली, जावई बाळाजवळ थांबले. मी इरकल नेसून, वर मुलीचा कोट घालून गेले. ऑफिसातली बाई तरुण होती, गोड बोलत होती. गोड बोलणाऱ्यांचा मला जास्त राग येतो, कारण त्यांच्यावर ओरडता येत नाही. तिने माझा पासपोर्ट घेतला, मुलीचा जन्माचा दाखला घेतला, शाळेचा दाखला घेतला, भाषांतरं शेजारी ठेवली. बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "या कागदांवर आई कुठे आहे?"

मुलगी म्हणाली, "आमच्याकडे आईचं नाव लिहीत नाहीत. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव."

"कुठेच नाही?"

"नाही."

ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मग या तुमच्या आई आहेत हे मला कसं कळणार?"

मुलीने मला ते सांगितलं नसतं, पण मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी म्हटलं, "तिला म्हणावं, मग ही काय मला उकिरड्यावर सापडली?" मुलीने याचं भाषांतर केलं नाही. मी बाईसमोर माझं तोंड मुलीच्या तोंडाशेजारी नेलं. एक नाक, एक हनुवटी, आंधळ्यालाही दिसेल. बाई हसली आणि म्हणाली, "हो, दिसतं खरं. पण दिसण्याची नोंद मला करता येत नाही."

जाताना मला अमेरिकेचा राग होता. येताना तो अर्धा आमच्याकडे वळला होता. पोरगी पोटात वाढवली मी, दाईच्या हाती जीव दिला मी, नर्सिंगला घालायचं म्हणून तिच्या बापाशी भांडले मी. आणि सगळ्या कागदांत शोधलं तर मी नाही. आमचे यजमान, ज्यांनी "पोरीला नर्स करून काय मिळवणार" म्हणून महिनाभर अबोला धरला होता, ते प्रत्येक कागदावर मधोमध बसलेले.

आता कोर्टाचा एकच रस्ता उरला. हॉस्पिटलच्या वकिलाने सांगितलं, नाव परत माहेरचं करून घ्या. हुकमावर दोन्ही नावं येतील, आधीचं आणि आताचं, म्हणजे दोन बायका एक झाल्या. त्यावर पासपोर्टही बदलून मिळेल.

मुलीने जेवताना हे सांगितलं. जावयांनी ताटावरून हात काढला.

"म्हणजे माझं नाव काढून टाकणार?"

"कागदावरून," ती म्हणाली.

"कागदच तर आहे इथे सगळं! बँक सोडली. इथे मला कुणी ओळखत नाही, बर्फ काढणारा म्हणून ओळखतात. घर तुझ्या नावावर, व्हिसा तुझ्या नावावर. मी तुला दिलेली एक गोष्ट आहे, ती पण परत करतेस? ते नाव मी निवडलं होतं. बहिणीशी भांडून निवडलं होतं."

मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही दिलं ते मानलं. पण तिच्याकडे आधी एक होतं, ते कुणी मागितलं होतं का?"

"आई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कुठे पडणार? मी तर कागदावरही नाही."

मुलगी आम्हा दोघांवर ओरडली. ती सहसा ओरडत नाही. म्हणाली, "आज वॉर्डात एका म्हाताऱ्याला धाप लागली. मला कळत होतं काय करायचं ते. मी निळ्या कपड्यांत उभी राहिले आणि नर्सला हाक मारली. ती दुसऱ्या मजल्यावर होती. ती येईपर्यंत मी त्याचा हात धरून उभी होते, नुसती उभी. परत मला तसं उभं राहायचं नाही. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे." मग तिने बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत गेली.

म्हातारा वाचला, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तिथली पद्धत अशी, की नाव बदलायचं तर गावच्या पेपरात जाहीर करायचं. ते छापून आलं आणि काकूंचं खरं ठरलं. सगळ्या गावाने घटस्फोट धरला. हॉस्पिटलातल्या बायका तिला जवळ घेऊ लागल्या. आमच्या घरी दोन केक आले. जावई दुकानात दूध आणायला गेले तर गिरणीतल्या एका माणसाने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "होतं असं. माझं दोनदा झालं." जावई दूध न घेताच घरी आले. मला हसू आवरेना. ते रागावले, मग केक बघून त्यांनाही थोडं हसू आलं. आम्ही दोन्ही केक खाल्ले.

कोर्टाच्या दिवशी जावयांनी लग्नातला सूट घातला. आदल्या रात्रीपासून ते पुटपुटत होते. त्यांनी इंग्रजीत बोलायचं पाठ केलं होतं, की माझी हरकत आहे का नाही ते. काय ठरवलंय ते आम्हाला सांगितलं नव्हतं. मी बाळाला मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले, मुद्दाम. उठून भलतंसलतं बोलले असते तर मी त्यांचा कोट ओढला असता.

न्यायाधीश म्हातारा होता, सर्दी झालेला. त्याने मुलीला विचारलं, "हे नाव कशासाठी हवंय?"

ती म्हणाली, "मी या नावाने नर्स झाले."

"कुणाला फसवण्यासाठी नाही ना?"

"नाही."

त्याने नाक पुसलं, सही केली, पुढच्या माणसाला बोलावलं. चहाला उकळी यायला याहून जास्त वेळ लागतो. ज्याच्यापायी घर ढवळून निघालं, व्याह्यांची मान, काकूंचं आमंत्रण, सगळं पणाला लागलं, ते एका म्हाताऱ्याने शिंका देत उरकलं. आणि जावयांना कुणी काही विचारलंच नाही. नवऱ्याची परवानगी लागते, असं तिथे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ते सूट घालून, पाठ केलेलं तोंडात धरून, तसेच बसून राहिले. मला त्या क्षणी त्यांची दया आली. लगेच गेलीही.

काही लोक ही गोष्ट ऐकून मला विचारतात, मग तिने तुमचं नाव का नाही लावलं? कशाला लावील? सर्टिफिकिटावर बापाचं होतं, तेच जुळायला हवं होतं. मी तिथे नाव लावून घ्यायला गेले नव्हते, लायसन्स मिळवायला गेले होते.

गाडीत जावई मागे बसले. मुलगी चालवत होती. ते म्हणाले, "आणि घरी? घरी काय हाक मारायची?"

"घरी पण तेच. मला दोन बायका व्हायचा कंटाळा आला."

त्यानंतर ते तिला हाकच मारेनात. "अगं", "ऐकलंस का", नाहीतर मला, "आई, तिला सांगा". असं पुष्कळ दिवस चाललं. तोवर नवे कागद गेले, परीक्षेला बसू दिलं, ती बसली, पुन्हा पांढरे कपडे मिळाले. हॉस्पिटलने त्या वॉर्डाचं कुलूप काढलं आणि वॉर्ड तिच्याच गळ्यात घातला, एकटीच्या. मेट्रनने हसत विचारलं, "तुझ्यासारखी एखादी बहीण आहे का?" मी मुलीला म्हटलं, "तिला सांग, आहे. पण तिची तीन नावं आहेत, झेपेल का?"

मग एका रविवारी सकाळी फोन वाजला. मुलगी बाळाला न्हाऊ घालत होती, माझे हात पिठात. जावयांनी फोन उचलला. पलीकडून हॉस्पिटलची बाई मोठ्याने बोलायची, मला चुलीशी ऐकू आलं. ती माझ्या मुलीला मागत होती, माहेरच्या नावाने. वॉर्डात कुणाचं तरी बिघडलं होतं.

जावई फोन धरून उभे. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मी बघतेय हे त्यांना माहीत होतं. चुकीचा नंबर म्हणून ठेवता आला असता. नुसतं "अगं" म्हणता आलं असतं.

मग त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली. एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं ओरडतात तशी, जोरात. बाळ दचकून रडायला लागलं. आतून ती "आले" म्हणाली आणि ओल्या हातांनी आली.

जावयांनी माझ्याकडे बघितलं. शाबासकी हवी असावी. मी भाकरी उलटली. नाव तिचंच होतं.